वेदरफोर्ड, टेडी

वेदरफोर्ड, टेडी : (११ ऑक्टोबर १९०३–२५ एप्रिल १९४५). जॅझ व ब्लूज संगीताचा आफ्रिकी-अमेरिकन पियानोवादक, गायक व वाद्यवृंदप्रमुख. पूर्ण नाव थीओडोर वेदरफोर्ड. शिकागो येथील जॅझच्या आरंभीच्या बहराच्या काळात तो तेथील अग्रगण्य पियानोवादकांत गणला जात असे. तथापि १९२६ मध्ये त्याने अमेरिका सोडली आणि उरलेले बहुतेक आयुष्य शांघाय, मनिला, सिंगापूर, मुंबई, कोलंबो व कलकत्ता या शहरांतील हॉटेले व नृत्यगृहे यांतून वादन करण्यात व्यतीत केले. ध्वनिमुद्रणाच्या प्रमुख केंद्रांपासून तो दूर राहिल्यामुळे जॅझच्या इतिहासग्रंथांत त्याला फारसे स्थान मिळाले नाही. भारतातील पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या आणि त्याद्वारे चित्रपटीय वाद्यवृंदाच्या इतिहासात मात्र त्याच्या कार्याची नोंद घेणे आवश्यक ठरते.

जन्म व उमेदवारी : वेदरफोर्डचा जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्हर्जिनिया राज्यातील पोकाहाँटास या कोळशाच्या खाणींच्या गावी झाला. त्याचे बालपण शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ब्लूफील्ड येथे गेले. १९१५ ते १९२० या काळात तो न्यू ऑर्लीन्स येथे होता व तेथेच त्याने जॅझ पद्धतीचे पियानोवादन आत्मसात केले. या शहरात त्या काळी रॅगटाइम, ब्लूज, चर्चमधील गीते व मिरवणुकींतील बँडचे संगीत यांच्या मिश्रणातून जॅझचे स्वरूप सिद्ध होत होते. कॉर्नेट, ट्राँबोन, क्लॅरिनेट ही वाद्ये हातात धरून रस्त्यावर वाजविता येत. पियानोचे तसे नव्हते. त्यामुळे पियानोवादकाचे कार्यक्षेत्र मद्यगृहे व नृत्यगृहे हे असे व तेथे त्याला पुष्कळदा एकट्यानेच काम करावे लागे. ठेका, खालच्या स्वरांचा आधार आणि मुख्य चाल या तिन्ही बाबी दोन हातांनी सांभाळण्याची सवय या वादकांना त्यातूनच लागली. पुढे परदेशात एकट्याच्या बळावर उपजीविका करताना वेदरफोर्डला हीच शिकवण उपयोगी पडली.

दक्षिणेकडील राज्यांतील वर्णविभाजनाचे कायदे, दारिद्र्य व हिंसाचार यांना कंटाळून लक्षावधी कृष्णवर्णीय लोक पहिल्या महायुद्धापासून उत्तरेकडील औद्योगिक शहरांकडे जाऊ लागले होते. वेदरफोर्डही १९२० च्या सुमारास शिकागोला आला. तेथे तो जिमी वेड याच्या वाद्यवृंदात दाखल झाला. एडी साउथ हा नामवंत व्हायोलिनवादक याच वृंदात होता. या वृंदाच्या १९२३ मधील ध्वनिमुद्रिकांत वेदरफोर्डचा पियानो ऐकावयास मिळतो. त्यानंतर तो अर्स्किन टेट याच्या वाद्यवृंदात गेला. हा वृंद शिकागोच्या दक्षिण भागातील व्हेंडोम चित्रपटगृहात मूकपटांना साथ करी. मध्यंतरी तो अभिजात पाश्चात्त्य रचना वाजवी व त्याखेरीज जॅझचे तुकडेही सादर करी. अशा नोकरीत स्वरलिपी पाहताक्षणी वाजविण्याचे कौशल्य आणि उत्स्फूर्त वादनाची तयारी या दोहोंची गरज असे. १९२५ च्या अखेरीस ⇨लूई आर्मस्ट्राँग या वृंदात आला. २८ मे १९२६ रोजी या वृंदाने व्होकॅलियन कंपनीसाठी दोन रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत आर्मस्ट्राँगच्या जोडीने वेदरफोर्डचे वादनही आहे. अमेरिकेतील त्याच्या उमेदीच्या काळाचा हाच सर्वांत मोलाचा पुरावा होय.

वादनशैली : वेदरफोर्डची शैली रॅगटाइमपासून विकसित झालेल्या ‘स्ट्राइड’ या पद्धतीची होती. या पद्धतीत डावा हात मात्रेगणिक खालच्या सप्तकातील एकेरी स्वर आणि मध्य सप्तकातील स्वरसंघात यांच्यामध्ये सतत झेपा घेत राहतो आणि उजवा हात मूळ चालीचा विस्तार करतो. वेदरफोर्डचा डावा हात विशेष जोरकस होता. उजव्या हाताने एकच चाल दोन सप्तकांत एकाच वेळी वाजवून ती वाद्यवृंदाच्या गदारोळातही स्पष्ट ऐकू येईल, अशी तो योजना करी. ध्वनिवर्धकांचा प्रसार होण्यापूर्वीच्या काळात पियानोवादकाला असा जोम अंगी बाणवणे भागच होते.

ब्लूजचा आकृतिबंध बारा आवर्तनांचा असून प्रत्येक आवर्तनात चार मात्रा असतात. त्याला प्रमुख तीन स्वरसंघातांचा आधार असतो. गंधार व निषाद हे स्वर शुद्ध व कोमल यांच्या मधल्या जागी लावणे, हे या गायनाचे वैशिष्ट्य आहे. गायकाला किंवा तुतारीवादकाला ही जागा सहज साधते; पियानोच्या स्वरपट्ट्यांचे स्वर मात्र ठरलेले असल्यामुळे पियानोवादकाची तीच अडचण होते, जी मींड घेऊ पाहणाऱ्या पेटीवादकाची होते. लगतच्या दोन पट्ट्या एकदम दाबून किंवा एकीवरून दुसरीवर बोट घसरवून ब्लूजचे पियानोवादक त्या मधल्या स्वराचा आभास निर्माण करतात. वेदरफोर्डच्या ब्लूजवादनात या युक्तीचा वापर आढळतो. त्यावर रॅगटाइमच्या नेटक्या ठेक्याचा संस्कारही दिसतो.

अर्ल हाइन्स हा पुढे जगप्रसिद्ध झालेला पियानोवादक १९२०–३० या दशकाच्या मध्यास शिकागोत आला, तेव्हा वेदरफोर्डचे तेथे मोठे नाव होते. हाइन्सची शैली वेदरफोर्डवरून घडली, असे मत काहींनी मांडले आहे. तथापि हाइन्सची जडणघडण मुख्यत्वे त्यापूर्वी पिट्सबर्ग येथेच झाली होती. तेव्हा दोघांनी एकाच वातावरणात एकाच दिशेने प्रयत्न केले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. वेदरफोर्ड निघून गेल्यावर टेटच्या वृंदात पियानोवर हाइन्सने काम केले. १९२८ मध्ये हाइन्स व आर्मस्ट्राँग यांनी मिळून केलेल्या ध्वनिमुद्रिका जॅझच्या इतिहासात युगप्रवर्तक मानल्या जातात. त्या वेळी वेदरफोर्ड शिकागोपासून हजारो किलोमीटर दूर होता.

शांघाय व आग्नेय आशिया : १९२६ मध्ये जॅक कार्टर या ड्रमवादकाच्या वृंदाबरोबर वेदरफोर्ड शांघायला गेला. क्लॅरिनेटवादक ॲल्बर्ट निकोलस व गायिका-तुतारीवादक व्हॅलेडा स्नो हे कलावंतही या वृंदाशी संबंधित होते. परकीय वसाहती व त्यांची स्वतंत्र शासनव्यवस्था यांमुळे शांघाय हे त्या काळी पूर्वेकडील करमणुकीचे सर्वांत मोठे केंद्र बनले होते. कराराची मुदत संपल्यावर बरेचसे सहकारी परतले. वेदरफोर्डने मात्र पूर्वेकडेच राहणे पसंत केले आणि शांघायबरोबरच मनिला, सिंगापूर, जावा येथेही कार्यक्रम केले. शांघायमध्ये त्याची लोकप्रियता इतकी होती, की एकाच रात्री तो चार निरनिराळ्या ठिकाणी वादन करी. एका ठिकाणचा कार्यक्रम आटोपून दुसरे गाठावयाचे, असा त्याचा क्रम असे. १९३३ मध्ये शांघायला आलेला अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूज याने आपल्या आत्मवृत्तात त्याचा आपुलकीने उल्लेख केला आहे.

१९३४ मध्ये वेदरफोर्ड अल्पकाळ अमेरिकेला गेला व लॉस अँजेल्स येथून बक क्लेटन या तरुण तुतारीवादकाचा वृंद त्याने शांघायमधील कॅनिड्रोम या प्रख्यात नृत्यगृहासाठी करारबद्ध करून आणला. कलावंत आणि मालक यांच्यातील मध्यस्थ ही भूमिकाही त्याने अशा रीतीने पार पाडली. मायदेशातील वर्णभेद मात्र तेथेही या वादकांच्या मागे लागला. एका गोऱ्या अमेरिकनाने क्लेटनवर हात टाकला, त्यातून मारामारी झाली आणि वृंदाला त्या नृत्यगृहातील काम गमवावे लागले. काही वादक परतले. उरलेल्यांनी लहान नृत्यगृहात चिनी लोकप्रिय गीतांच्या चाली बसवून गुजराण केली. क्लेटन पुढे अमेरिकेत परतून १९३६ मध्ये काउंट बेसीच्या वृंदात गेला व कीर्तिमान झाला. परतणारा क्लेटन आणि न परतणारा वेदरफोर्ड यांच्या कीर्तीतील पुढील तफावत लक्षणीय आहे. ती केवळ गुणवत्तेवरून उलगडत नाही. वादक कोणत्या शहरात राहिला, यालाही तीत मोठा वाटा आहे.

मुंबईतील काळ : मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ च्या हिवाळ्यात लिऑन ॲबी या आफ्रिकी-अमेरिकन व्हायोलिनवादकाचा जॅझवृंद आला. त्यापूर्वीही मुंबईत पाश्चात्त्य नृत्यसंगीत होते. पण ते मुख्यतः यूरोपीय, अँग्लो-इंडियन व गोमंतकीय वादकांकडून, छापील स्वरलिपीबरहुकूम वाजविले जाई. ॲबीच्या वृंदातील कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ याने पुढे ताजमध्ये स्वतःचा वृंद उभारला. १९३६ मध्ये वेदरफोर्ड या वृंदात सामील झाला व यथावकाश त्याचे नेतृत्व त्याच्याकडे आले. एके काळी ड्यूक एलिंग्टनच्या वृंदात असलेला रूडी जॅक्सन व रॉय बटलर हे सॅक्सोफोनवादक या मंडळींपैकी होत. स्मिथच्या वृंदाने १९३६ मध्ये मुंबईत काही ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांत ताजमहाल हे नाव धारण करणारी एक फॉक्सट्रॉट रचनाही होती.

या नोकरीचे स्वरूप समजून घेणे उद्‌बोधक ठरते. हॉटेलातील वृंदाचे पहिले कर्तव्य पाहुण्यांना नाचविणे हे असे. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, टँगो, रूंबा हे नृत्यप्रकार ठरलेल्या गतीत वाजवावे लागत. भोजनाच्या वेळी सौम्य रचना, नंतर नृत्याच्या रचना आणि मध्यरात्रीनंतर श्रोते रंगात आल्यावर खरे जॅझ, असा साधारण क्रम असे. उत्तम वादकाला त्याचे खास संगीत रात्रीच्या अखेरच्या प्रहरीच वाजवावयास मिळे. करार बहुधा हंगामापुरते असत. एका शहराचा हंगाम संपला, की दुसरे गाठावे लागे. वेदरफोर्डने याच काळात सिलोनमधील (सध्याच्या श्रीलंकेतील) कोलंबो येथेही काम केले.

सामाजिक दृष्ट्याही हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत ज्या हॉटेलात वेदरफोर्डला पाहुणा म्हणून पाऊल टाकता आले नसते, तशाच प्रतिष्ठेच्या हॉटेलात येथे तो वाद्यवृंदप्रमुख म्हणून व्यासपीठावर बसे. मुंबईतील अनेक यूरोपीय क्लबांत मात्र त्या काळी भारतीयांना सभासदत्व नव्हते. जमशेटजी टाटांनी उभारलेले व १९०३ मध्ये, म्हणजे वेदरफोर्डच्या जन्मवर्षीच, खुले झालेले ताजमहाल हॉटेल याला अपवाद होते. तेथील नृत्यदालनात पारशी, हिंदू, मुसलमान, ज्यू व यूरोपीय असा संमिश्र श्रोतृवर्ग जमे. तरीही साहेबी पोशाख, इंग्रजी शिक्षण आणि पैसा यांच्या चौकटीतच हे संगीत राहिले. मुंबईच्या गिरणगावापर्यंत ते पोहोचले, ते पुढे चित्रपटाच्या द्वारेच.

गोमंतकीय वादकांशी संबंध : गोव्यात चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना स्वरलिपीवाचन, गायन व व्हायोलिन यांचे पद्धतशीर शिक्षण मिळे. त्यामुळे मुंबईतील मूकपटगृहे, क्लब, संस्थानिकांचे बँड यांत गोमंतकीय वादकांचा भरणा होता. त्यांची स्वरलिपीवरील हुकमत वादातीत होती. परंतु जॅझमध्ये कागदावर लिहिलेल्या सुरांपेक्षा न लिहिलेला भाग महत्त्वाचा असतो. आघात किंचित मागे-पुढे करून लय झुलती ठेवणे, ठरलेल्या स्वरसंघातांवर स्वतःचा विस्तार करणे आणि सहवादकाच्या वाक्याला तत्क्षणी उत्तर देणे या गोष्टी प्रत्यक्ष सहवासातच शिकता येतात. वेदरफोर्डच्या वृंदात स्थानिक वादकांनाही जागा मिळत गेल्याने हा सहवास घडून आला. गोव्याचे तुतारीवादक फ्रँक फर्नांड यांना त्याच्या हाताखाली वाजविण्याची संधी मिळाली. पुढे ते हिंदी चित्रपटसंगीतात संयोजक म्हणून स्थिरावले आणि आमचें नशीब (१९६३) व निर्मोण (१९६६) या कोकणी चित्रपटांची त्यांनी निर्मिती केली. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले गोमंतकीय तुतारीवादक अंतोनियो झेवियर वाझ (१९१६–६७) हेही याच वातावरणात पुढे आले. मराठी संगीतकार ⇨सी. रामचंद्र यांच्या अलबेला (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात त्यांच्या वृंदाचा मोलाचा वाटा होता व हा वृंद त्यात पडद्यावरही दिसतो.

मुंबईच्या चित्रपटसंगीतातील जॅझचा अंश हा एकट्या वेदरफोर्डचा प्रभाव म्हणता येणार नाही. आयात ध्वनिमुद्रिका, अमेरिकन चित्रपट आणि मिकी कोरिया यांच्यासारख्या वादकांचे ताजमधील दीर्घकालीन कार्य यांचाही त्यात वाटा आहे. तथापि जे संगीत एरवी तबकडीवरून दुरूनच ऐकावयाचे, ते निर्माण करणारा एक अव्वल दर्जाचा कलावंत येथील वादकांच्या शेजारी रात्रीमागून रात्री बसत होता, ही गोष्ट त्यांच्या शिक्षणाच्या दृष्टीने निर्णायक ठरली.

पॅरिस येथील ध्वनिमुद्रण : १९३७ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. त्या सुमारास वेदरफोर्ड तेथे गेला व नुकत्याच स्थापन झालेल्या ‘स्विंग’ या जॅझला वाहिलेल्या फ्रेंच ध्वनिमुद्रिकासंस्थेसाठी त्याने एकल पियानोच्या काही रचना ध्वनिमुद्रित केल्या. ‘वेदर बीटन ब्लूज’ ही रचना त्यांपैकीच असून तिच्या शीर्षकात त्याच्या आडनावावर श्लेष साधला आहे. एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावणाऱ्या या तबकड्यांतून त्याच्या दोन्ही हातांची ताकद, लयीवरील पकड आणि काहीशी जुन्या वळणाची, भरघोस वादनरीती यांची नेमकी कल्पना येते. त्याच्या एकल वादनाची परीक्षा आजही प्रामुख्याने या मोजक्या ध्वनिमुद्रिकांवरूनच करावी लागते.

कलकत्ता व अखेर : वेदरफोर्ड यूरोपमध्ये असतानाच, जुलै १९३७ मध्ये, चीन-जपान युद्धास तोंड फुटले व शांघायमधील सुगीचा काळ संपुष्टात आला. त्यानंतर त्याच्या फिरतीच्या मार्गावरील एकेक शहर युद्धाच्या छायेत गेले. मनिला जानेवारीत, सिंगापूर फेब्रुवारीत, जावा व रंगून मार्चमध्ये, अशी ती सर्व १९४२ च्या पहिल्या तीन महिन्यांत जपानच्या ताब्यात गेली. जो वादक पंधरा वर्षे बंदराबंदरांतून हिंडत होता, त्याच्यापुढे आता भारत हा एकच प्रदेश उरला.

या सुमारास कलकत्त्याच्या चौरंगीवरील ग्रँड हॉटेलात त्याचा वृंद स्थिरावला. चीन-ब्रह्मदेश-भारत रणक्षेत्राचा प्रमुख तळ या नात्याने कलकत्त्यात ब्रिटिश व अमेरिकन सैनिकांची मोठी गर्दी होती आणि नृत्यसंगीताला मागणी वाढली होती. ब्रह्मदेशातून निर्वासित होऊन आलेल्या वादकांची त्यात भर पडली. रूबेन सॉलोमन हा क्लॅरिनेटवादक व सेड्रिक वेस्ट हा गिटारवादक हे त्यांपैकी होत. गोमंतकीय, अँग्लो-इंडियन व ब्रह्मदेशातून आलेले वादक आणि त्यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन प्रमुख, अशी या वृंदाची घडण होती. ज्यांच्यासाठी तो वाजवीत असे, त्या अमेरिकन सैन्यात मात्र गोऱ्या व काळ्या सैनिकांच्या तुकड्या तेव्हा वेगवेगळ्या होत्या. बंगालमध्ये १९४३ च्या भीषण दुष्काळात लाखो माणसे मृत्युमुखी पडत असताना चौरंगीवरील नृत्यदालने चालू होती, ही विसंगतीही त्या काळाच्या इतिहासाचाच भाग आहे.

१९४१ नंतरच्या वर्षांत कोलंबिया कंपनीसाठी वेदरफोर्डच्या वृंदाने कलकत्त्यात बऱ्याच ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांपैकी अनेकींत त्याने स्वतः गायन केले आहे. त्यांतील बहुसंख्य रचना तत्कालीन लोकप्रिय गीतांच्या नृत्यानुकूल आवृत्त्या असल्याने जॅझच्या चोखंदळ समीक्षकांची त्यांनी निराशा केली. परंतु नृत्यदालनात रोज काय वाजत असे, याचे त्या विश्वसनीय दस्तऐवज आहेत. एकलवादनाच्या थोड्या आवर्तनांत का होईना, शिकागोचा तो जोरकस पियानोही त्यांत मधूनमधून प्रकट होतो.

२५ एप्रिल १९४५ रोजी कलकत्ता येथे पटकीच्या विकाराने वेदरफोर्डचे निधन झाले. त्या वेळी तो एकेचाळीस वर्षांचा होता. यूरोपमधील युद्ध त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच संपले.

मूल्यमापन : जॅझच्या इतिहासलेखनाचा मुख्य आधार ध्वनिमुद्रिका हा आहे. जे वादन तबकडीवर उतरले, तेच अभ्यासिले गेले. वेदरफोर्डने सुमारे पंचवीस वर्षे व्यवसाय केला. त्यातील जवळजवळ प्रत्येक रात्र त्याने पियानोसमोर घालविली. परंतु त्यातील अत्यल्प अंशच ध्वनिमुद्रित झाला व जो झाला, त्यातील मोठा भाग मालक व श्रोते यांच्या मागणीनुसार घडलेला आहे. अमेरिकेत राहता, तर तो हाइन्सच्या तोडीचा ठरला असता काय, या प्रश्नाचे उत्तर देणे शक्य नाही. स्विंग शैलीच्या काळात पियानोवादनात जे बदल घडले, त्यांपासून तो दूर राहिला, हेही मान्य केले पाहिजे. मात्र कलेचा इतिहास केवळ युगप्रवर्तकांनी घडत नाही. एका देशात जन्मलेली शैली दुसऱ्या देशात रुजते, ती करारावर काम करणाऱ्या, गावोगाव हिंडणाऱ्या आणि सहकाऱ्यांना हाताशी धरून शिकविणाऱ्या व्यावसायिक वादकांमुळे. वेदरफोर्ड हा अशा वादकांपैकी एक अग्रणी होता. मायदेशात त्याचे नाव जवळजवळ विस्मृतीत गेले. मुंबई व कलकत्त्यात त्याच्या शेजारी बसून वाजविणाऱ्यांनी मात्र ते जपले. एकविसाव्या शतकात भारतातील जॅझच्या इतिहासाचे जे संशोधन झाले, त्यामुळे त्याच्या कार्याकडे अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वेधले गेले आहे.